‘बायकी’ मुलगा आणि ‘आगाऊ’ मुलगी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात पदवी वर्गातील एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



मी मानसशास्त्र विषय घेऊन शिकते आहे. त्या अभ्यासातले थोडे आपणापुढे मांडावे, अशी आज्ञा गुरुजनांनी केली, म्हणून उभी आहे. पुस्तकी व्याख्या सांगून आपला वेळ घेणार नाही. आपल्या मोहल्ल्यात रोज कानावर पडणाऱ्या दोन शब्दांविषयी मला बोलायचे आहे. मुलगा लाजाळू, हळवा, लहान भावंडांत रमणारा असला की त्याला ‘बायकी’ म्हणतात. मुलीने मान वर करून उत्तर दिले, वाण्याच्या हिशेबातली चूक दाखवली, की ती ‘आगाऊ’ ठरते. या दोन्ही शब्दांत एकच गफलत आहे. समाजाने वाटून दिलेले काम ही भूमिका झाली. माणूस जे घेऊन जन्माला येतो आणि घरच्या संस्कारांत जे वाढते, तो स्वभाव. आपण भूमिकेच्या मापाने स्वभाव मोजतो, आणि माप चुकले की दोष मुलाच्या माथी मारतो.

पुरावा लांब शोधायला नको. आपल्या कोकणातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर गेले, मुंबईला गेले, आफ्रिकेत गेले. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले तसे आखातात जाऊ लागले. मागे घर कोणी चालवले? ड्राफ्ट बँकेत भरणे, चिऱ्यांचा भाव ठरवणे, गवंड्याला मजुरी देणे, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालणे, कलमे मक्त्याने देताना दलालाशी घासाघीस करणे, हे सारे आमच्या आयांनी आणि आज्यांनी केले. कित्येकींना सही करण्यापलीकडे लिहिता येत नव्हते. आणि धनी रजेवर आले की त्याच घरात, त्यांनीच बांधून घेतलेल्या पडवीत बसून कोणीतरी म्हणणार, ‘बायकांना व्यवहारातले काय कळते?’

उलट बाजूही पाहा. दुबईत किंवा कुवेतमध्ये एका खोलीत सहा-आठ जण राहतात. पाळीपाळीने स्वयंपाक करतात, कपडे धुतात, शर्टाची बटणे लावतात, आजारी सोबत्याला पेज करून पाजतात. हीच मंडळी गावी आली की पाण्याचा पेला स्वतः उचलून घेत नाहीत! (समोरच्या रांगेत काही वडीलधारे हसत आहेत, म्हणजे माझे म्हणणे अगदीच खोटे नसावे.) विमानात बसल्याने स्वभाव बदलला काय? बदलली ती भूमिका. हिशेबी डोके आणि मायाळू हात आधीपासून होतेच.

आता शास्त्राकडे वळते. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे भेद सांगितले. त्यांत पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया दुसऱ्या बाजूला अशी वाटणी नव्हती. युंग यांच्या विचारांवरून अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी एक प्रश्नावली तयार केली. हल्ली मुले मोबाइलवर प्रश्न सोडवून स्वतःला चार अक्षरी शिक्का मारून घेतात, त्याचे मूळ तेथे आहे. तिच्या जुन्या आवृत्त्यांत ‘विचारप्रधान की भावनाप्रधान’ या भागाची गुणमोजणी स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगवेगळी होती. उत्तर एकच, पण देणारा कोण यावर वजन ठरायचे! असल्या शिक्क्यांवर फार विसंबू नये, असे माझे मत आहे.

१९७४ साली सँड्रा बेम या विदुषीने एक यादी प्रसिद्ध केली. अमेरिकन समाजात पुरुषाला काय शोभते आणि स्त्रीला काय शोभते, हे तिने विद्यार्थ्यांकडून ठरवून घेतले होते. स्वावलंबन, महत्त्वाकांक्षा, स्वतःचे मत ठामपणे मांडणे हे गुण पुरुषांच्या रकान्यात पडले. लाजाळूपणा, कोमलता, मुलांची आवड हे स्त्रियांच्या. पुढे लोकांची चाचणी घेतली, तेव्हा दोन्ही रकान्यांतले गुण अंगी असलेली पुष्कळ माणसे निघाली. जॅनेट हाइड यांनी २००५ साली शेकडो संशोधनांचे सार काढले. बहुतेक मानसिक गुणांत स्त्री-पुरुषांमधला सरासरी फरक अल्प किंवा नगण्य आहे, असे त्यांना आढळले. फरक मुळीच नाहीत, असे कोणी म्हणत नाही. पण सरासरी ही सरासरी असते. एका बाकावर बसणाऱ्या दोन बहिणींत त्याहून मोठा फरक असू शकतो.

हे पाश्चात्त्यांचे झाले, आपल्या दीनमध्ये काय आहे, असे कोणी विचारील. बेमची तीच यादी हाती घेऊन पाहू. लाजाळूपणा? पैगंबर (स.) हे पडद्यातल्या कुमारिकेहूनही अधिक हयादार होते, असे हदीसमध्ये आले आहे. मुलांची आवड? त्यांनी नातवाचा मुका घेतला, तेव्हा एक सरदार म्हणाला की मला दहा मुले आहेत, एकाचाही मी कधी मुका घेतला नाही. पैगंबरांनी (स.) त्याला सुनावले की जो दया करत नाही, त्याच्यावर दया होत नाही. हजरत अबूबक्र (र.) इतके हळवे, की नमाज पढवताना त्यांना रडू आवरणार नाही, अशी काळजी त्यांच्याच कन्येला, हजरत आयेशांना (र.) वाटली. तरीही इमामत त्यांच्याकडेच सोपवली गेली, आणि पुढे पहिले खलिफा म्हणून बंडाळीच्या काळात तेच अढळ राहिले. आता दुसरा रकाना. हजरत खदीजा (र.) व्यापार करीत. हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (र.) यांनी हजरत हफ्सांना (र.) लिहायला शिकवले. पतीविरुद्ध तक्रार घेऊन वाद घालायला आलेल्या हजरत खौला (र.) यांच्या प्रसंगावर कुरआनची ५८ वी सूरत उतरली, आणि तिचे ‘मुजादिला’ हे नावच त्या वादावरून पडले. आपल्या मोहल्ल्याने त्यांना काय म्हटले असते, ते मी सांगायला नको.

जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत, हे मान्य. बायकोमुलांच्या पोषणाची जबाबदारी शरीयतने पुरुषावर टाकली आहे. पण ते कर्तव्य झाले. कर्तव्य आहे म्हणून पुरुषाला भीती वाटू नये, रडू येऊ नये, असे कोठे म्हटले आहे? आणि स्त्रीच्या मेहेरवर, तिच्या मालमत्तेवर तिचाच हक्क मानणाऱ्या शरीयतने तिला हिशेब कळतच नाही, असे गृहीत धरले असेल काय?

या सभेत मुलींच्या शिक्षणावर पुष्कळ बोलले जाते आणि ते बोलायलाच हवे. दहावीला गणितात पहिली आलेली मुलगी, एस.टी.ने तालुक्याला जावे लागते एवढ्यासाठी घरी बसते, हे आपण सारे पाहतो. परंतु मला आज मुलांविषयी अधिक बोलायचे आहे, कारण त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही. अठरा वर्षे पुरी होताच त्यांचा पासपोर्ट तयार असतो. चित्रे काढणारा असो, शिक्षक होऊ पाहणारा असो, रुग्णसेवेची आवड असलेला असो, ‘मर्द आहेस, कमवायला लाग’ या एका वाक्यात त्याचे शिक्षण संपते. बक्षीस समारंभात मुलींची रांग लांब आणि मुलांची आखूड का, याचे एक उत्तर त्या वाक्यात आहे. मुलीला उंबरठा ओलांडू देत नाहीत, मुलाला उंबरठ्याच्या आत थांबू देत नाहीत. नको असलेल्या कामात घुसमटलेला तो मुलगा पुढे घरी चिडचिड करतो, तेव्हा लोक म्हणतात, पुरुषाचा स्वभावच तापट!

पालकहो, अकरावीचे प्रवेश जवळ आले आहेत. निकालानंतरच्या आठवड्यात आम्ही काही विद्यार्थी सकाळी दहा ते एक शाळेच्या व्हरांड्यात अर्ज भरण्यास मदत करायला बसणार आहोत. येताना मुलाला किंवा मुलीला सोबत आणावे, आणि आवडीच्या विषयांचा रकाना कृपया त्यांनाच भरू द्यावा. आईलाही आणावे. घरचा हिशेब तिच्याकडे असतो, त्यामुळे फीचे कसे जमवायचे ते तीच नेमके सांगेल.