उसन्या आराखड्याची किंमत

याच मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांचा ‘परम’ महासंगणक सर्वांना ठाऊक आहे. त्याचे मोल कळण्यासाठी मात्र थोडे रशियाकडे पाहावे लागते.

महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या कीव्हमध्ये सर्गेई लेबेदेव यांनी १९५१ साली सोव्हिएत संघाचा पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक कार्यान्वित केला. त्यांचा १९६७ सालचा ‘बेस्म-६’ तर सर्वस्वी स्वतंत्र रचनेचा होता. बुद्धीची वाण नव्हतीच! परंतु त्याच सुमारास साम्यवादी राजवटीने अमेरिकेच्या आय.बी.एम. ३६० ची नक्कल करण्याचे ठरविले. तयार आज्ञावली आयत्या मिळतील, हा त्यामागील हिशेब. लेबेदेव यांचा विरोध कोणी जुमानला नाही. नक्कल सिद्ध होईतो मूळ यंत्र पुढे गेलेले असे.

१९८७ साली भारताला हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारला. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ स्थापन झाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यातील ‘ट्रान्सप्युटर’ ब्रिटिश बनावटीचे होते, हे लपविण्याचे कारण नाही. ते अनेक जोडून एकाच वेळी गणन करवून घेणारी रचना मात्र भारतीय होती. हाच ‘परम’ पुढे मॉस्कोतील संस्थेतही बसविण्यात आला.