हवा कोणी खायची?

रस्त्यावरची सायकल शर्यत बघायला जो नाक्यावर तासभर उभा राहतो, त्याच्या वाट्याला ती जेमतेम अर्धं मिनिट येते. रंगीत बनियन, चेनची सळसळ, चार टाळ्या आणि पाठीमागून येणारी जीप. संपलं. त्याला वाटतं, ही पोरं एकमेकांना मागं टाकायला जीव काढतायत. खरं तर त्या झुंडीतली निम्मी पोरं त्या क्षणी आपल्याला पुढं जावं लागू नये याच खटपटीत असतात.

कारण वारा. सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरनं चाललेल्या सायकलवाल्याची बहुतेक ताकद समोरची हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट करायचा तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद आठपट. पण पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर राखून चिकटून राहिलात, तर पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त कष्ट वाचतात. पुढं राहणं याला आम्ही ‘हवा खाणं’ म्हणायचो. चौपाटीवर लोक हवा खायला जातात ते वेगळं. इथं हवा खाणाऱ्याचा जीव निघतो.

म्हणून पाळ्या असतात. एकानं मिनिटभर पुढं राहायचं, मग कडेला सरकून रांगेच्या शेवटी जायचं, दुसऱ्यानं पुढं यायचं. ज्याला हरवायचं, त्याच्याच पाठीच्या आडोशानं जायचं. आणि पाळी घेतलीच पाहिजे अशी सक्ती कोणत्याही नियमात नाही. न घेणारा बाद होत नाही, फक्त शिव्या खातो. कविसंमेलनातही असंच असतं. पहिला कवी खुर्च्यांचे आवाज आणि उशिरा येणारे श्रोते अंगावर घेतो; मग सातव्या-आठव्याला तापलेलं सभागृह आयतं मिळतं. मला बहुधा पहिलाच बोलावतात.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना एकदा मुंबई-पुणे शर्यतीत उतरलो होतो. पिंपरीत अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. जुन्या सुट्या भागांतून त्यांनी मला गिअरची सायकल जुळवून दिली होती आणि आदल्या रात्री दोन्ही रिमांचा आऊट स्वतः काढला होता.

खोपोलीपर्यंत सगळी झुंड एकत्र होती. पुढं बोरघाट. हा रस्ता १८३० सालचा. दहाएक किलोमीटरमध्ये सुमारे पाचशे मीटर चढायचं. तिथं वेग इतका उतरतो की कुणाच्या आडोशाला काही अर्थ उरत नाही. ज्याचं वजन त्यानंच ओढायचं. ‘घाटाचा राजा’ हा किताब म्हणूनच मला पहिल्या क्रमांकापेक्षा सच्चा वाटतो. इंग्रजांना घाटातली वाट दाखवली म्हणतात त्या शिंगरोबा धनगराचं देऊळ वाटेत लागतं. ट्रकवाले तिथं नाणं टाकतात. आमच्याकडे टाकायला फक्त घाम होता.

लोणावळा सुटलं तेव्हा आम्ही चौघं एकत्र होतो. मोटारसायकलवरचा पंच पाटी दाखवून गेला. पुढं सात जण, मागं मोठी झुंड, दीड मिनिटावर. हिशेब चौघांनाही कळला. आमच्यात आठवा, नववा, दहावा आणि अकरावा क्रमांक वाटला जाणार होता. पहिल्या दहांतल्याला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागण्याची आशा असते, असं आम्ही ऐकून होतो. चौघांत एक दूध घालणारा पोरगा होता. त्याला एका खात्याच्या प्रशिक्षकानं सांगितलंच होतं, दहांत ये, मग बघू.

वडगावजवळ त्याच्या पोटरीत गोळा आला. मी पाहिला, अंड्याएवढा. पाळी घेणं त्याला जमेना. समोरून वारा होता. उरलेल्या दोघांपैकी एक वर्कशॉपमधला फिटर. तो मला म्हणाला, “कवी, चढाला जोर मार, सोडून देऊ याला. तिघं उरलो की तिघंही दहांत.”

बोलणं चोख होतं. पण त्या दोघांनाही माझी गरज होती. दोघंच सुटले असते तर मागच्या झुंडीनं गाठलं असतं. मी वेग वाढवला नाही. माझी पाळी संपल्यावर त्या पोराच्या पाळीलाही मीच पुढं राहिलो. दोघांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या आणि पाळ्या घेत राहिले.

पिंपरीत अब्बा हातात पाना घेऊन उभे होते. त्यांना दिसलेल्या अर्ध्या मिनिटात मी पुढं होतो. त्यांनी आळीत पेढे वाटून टाकले.

पुण्यात शेवटच्या किलोमीटरला पाळ्या संपतात. तिथं दूधवाला मागून उसळून आला. आठवा. फिटर नववा, तिसरा दहावा, मी अकरावा. फिटर हसत म्हणाला, “बनवलं तुला. गोळाबिळा काही नव्हता.”

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. आडोशाला बसून तासाभरात पोटरी सुटू शकते, आणि सुटल्यावर जोर मारायचा नाही तर शर्यतीत यायचं कशाला? उपकार फेडायला त्यानं मला पुढं जाऊ दिलं असतं, तर मला जास्त राग आला असता.

आता घाटाचं रूप पालटलंय. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, त्यावर सायकलला बंदी. घाटातला जुना अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला. हौशी सायकलवाले अजूनही जुन्या रस्त्यानं चढतात, चांगल्या पगारावरची चाळिशीची माणसं, हलक्या कार्बनच्या सायकली, मनगटावर हृदयाचे ठोके. त्यांच्यातही पाळीवरून भांडणं होतात हे ऐकून मला बरं वाटलं.

दूधवाला दीड वर्षानं देहूरोडला भेटला. नोकरीच्या वेळी डोळ्यांच्या तपासणीत तो बाद झाला होता. दूध अजून घालत होता, आता मोपेडवर. आम्ही चहा घेतला. त्या शर्यतीबद्दल तो एक शब्द बोलला नाही, मीही विचारलं नाही. चहाचे पैसे मात्र त्यानं मला देऊ दिले नाहीत.