चित्रकार कै. सावळाराम हळदणकर : एक स्मरण
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



मी तालुका कचेरीतला एक साधा कारकून. चित्रकलेतला जाणकार नव्हे. पण समितीने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आपल्याच सावंतवाडीत जन्मलेल्या एका थोर चित्रकाराचे स्मरण करावे असे मनात आले. कै. सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे त्यांचे नाव.

त्यांचे नाव ज्यांना ठाऊक नसेल, त्यांनीही त्यांचे एक चित्र नक्की पाहिले असेल. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या दुकानात, कॅलेंडरवर ते लागलेले असते. एक तरुणी हातात दिवा घेऊन उभी आहे. वारा लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे. बोटांमधून तांबूस उजेड पाझरतो आहे, चेहऱ्यावर त्याची प्रभा पडली आहे आणि मागे भिंतीवर सावली आहे. ‘ग्लो ऑफ होप’ म्हणजे ‘आशेचा प्रकाश’ हे त्या चित्राचे नाव. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहात ते आहे आणि दूरदूरचे लोक ते पाहायला जातात.

हळदणकरांचा जन्म १८८२ सालचा. सावंतवाडी हे मुळातच रंगाचे गाव. तिथल्या चितारी मंडळींची लाकडी खेळणी आणि हाताने रंगवलेले गंजिफे प्रसिद्ध आहेत. अशा गावातला हा मुलगा संस्थानच्या मदतीने मुंबईस गेला आणि सर जे. जे. कलाशाळेत शिकला. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकला संस्था काढली आणि पुढे अनेक विद्यार्थी घडवले. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९६८ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तैलरंगातही त्यांचा हात उत्तम चाले, पण जलरंगात त्यांची विशेष ख्याती.

मंडळी, जलरंगाचे काम किती अवघड असते, ते थोडक्यात सांगतो. तैलरंगात चूक झाली तर वाळल्यावर वरून दुसरा रंग चढवता येतो. पाण्यात कालवलेला रंग एकदा कागदात मुरला की सहजासहजी निघत नाही. त्यातून, जिथे उजेड हवा तिथे पांढरा रंग लावायचा नसतो, तर कागदच कोरा राखायचा असतो. म्हणजे ज्योतीचे तेज दाखवायचे तर भोवतालचा काळोख एकेक हात देत रंगवायचा आणि मधली जागा सांभाळायची. हळदणकरांनी हा दिवा तसल्या जलरंगात उभा केला, तो १९४५-४६ च्या सुमारास, म्हणजे साठी ओलांडल्यावर. त्या वयात इतका स्थिर हात राहिला, यामागे जन्मभराचा अभ्यास आहे.

चित्रातली तरुणी म्हणजे त्यांची कन्या गीता. लग्नानंतर त्या कोल्हापूरच्या गीता उपळेकर झाल्या. वडिलांच्या चित्रासाठी त्या हातात दिवा धरून उभ्या राहिल्या. वयाची शंभरी ओलांडून २०१८ साली त्या निवर्तल्या.

आता खेदाची गोष्ट सांगतो. हे चित्र राजा रविवर्म्यांचे, असे पुष्कळ लोक आजही समजतात. रविवर्म्यांची थोरवी मोठीच आहे. पण ते १९०६ साली वारले आणि हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी काढलेले. शिवाय रविवर्म्यांची कीर्ती तैलचित्रांची आणि हे चित्र जलरंगातले. दोन तारखा शेजारी मांडल्या की निकाल लागतो. तरी चुकीचे नाव चालूच राहते, कारण मोठे नाव तोंडात चटकन येते.

आमच्या कचेरीत रोज दिसते की, सातबाऱ्यावर एकाच्या जागी दुसऱ्याचे नाव लागले तर पिढ्यान् पिढ्या माणसे पायऱ्या झिजवतात. तिथे निदान दुरुस्तीचा अर्ज तरी करता येतो. चित्रकाराच्या नावाचा फेरफार कोणत्या कचेरीत नोंदवणार? तो आपणच बोलून, मुलाबाळांना सांगून करायचा आहे. त्या दिव्याच्या चित्रापुढे उभे राहाल तेव्हा शेजारच्याला एवढेच सांगा, हे आमच्या सावंतवाडीच्या हळदणकरांचे.

याच ओघात समितीला एक नम्र विनंती करतो. देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली जात आहेत, ते योग्यच आहे. त्यांच्या घामाच्या पैशावर हे काम उभे राहिले. पण आपल्या जुन्या पालखीवरचे कोरीव काम कोणाच्या हातचे, हे आज गावातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगता येत नाही. तसे पुन्हा होऊ नये. म्हणून या वेळी ज्यांनी खांब घडवले, गाभाऱ्याचे चिरे बसवले, दारावर रंगकाम केले, त्या सुतार, गवंडी आणि चितारी मंडळींची नावेही गावासह एका बाजूला लिहावीत. खर्च चार ओळींचा आहे. पन्नास वर्षांनी कोणी विचारले तर उत्तर भिंतीवरच मिळेल.

कै. हळदणकरांच्या स्मृतीस अभिवादन करून आणि ग्रामदेवतेच्या चरणी नतमस्तक होऊन माझे दोन शब्द पुरे करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!