मुलगा, मोरी आणि नेम

मुलगा बोबडें बोलूं लागला, पायांवर स्थिर झाला, कीं वडीलधाऱ्यांना त्याच्या लघुशंकेच्या शिस्तीची आठवण होते. आणि त्याच सुमारास न्हाणीघराच्या वासाची तक्रारहि सुरू होते. हा विषय चारचौघांत बोलावयाचा नव्हे, असें कित्येकांस वाटेल. परंतु ज्या गृहिणीस दिवसांतून चार वेळां फरशी धुवावी लागते, तिला यांत संकोचाचें कारण दिसणार नाहीं.

वेंगुर्ल्याकडील जुन्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता. मागील दारीं माड-पोफळी. मूल तेथेंच मोकळें होई आणि माती सारें पिऊन टाकी. आतां घरोघर बंद शौचगृह आहे. २०१६ सालीं केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छतेच्या पाहणींत सपाट प्रदेशांतील जिल्ह्यांत सिंधुदुर्गास पहिला क्रमांक मिळाला, हें भूषणावहच. पण संडास बांधणें मोठ्यांचें काम, त्यांत नेम धरणें घरच्या धाकट्याचें!

तयारी वयावरून ठरवूं नये. चड्डी दोन तास कोरडी राहणें, ती आपली आपण खालीं करतां येणें, ‘शू आली’ असें आधीं सांगणें, ह्या खुणा पाहाव्या. अमेरिकन बालवैद्य ब्राझेल्टन यांनीं १९६२ सालीं ११७० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. तींत दिवसा कोरडें राहण्याचें सरासरी वय २८ महिन्यांहून किंचित् अधिक भरलें, आणि मुलगे मुलींच्या थोडे मागेंच होते. शेजारची मुलगी शिकली म्हणून आपल्या मुलावर ओरडणें म्हणूनच व्यर्थ.

आरंभीं मुलास उभें करूं नये, बसवूनच शिकवावें. उकिडवें बसणाऱ्याची धार पुढें जाते, म्हणून त्यास भांड्यावर थोडें मागें सरकवावें. कमोड असल्यास वर लहान कडें ठेवावें, पायांखालीं पाट द्यावा आणि इंद्रिय हातानें खालीं वळवण्यास शिकवावें. बैठक जमली कीं मग उभें राहणें वडिलांनीं दाखवावें; तेथें आईचा उपदेश उपयोगी पडत नाहीं. भांड्यांत जास्वंदीची एक पाकळी टाकून ‘हिला भिजव पाहूं’ म्हणावें. ॲम्स्टरडॅमच्या शिफोल विमानतळावर मोठ्या पुरुषांसाठींहि मुताऱ्यांत माशीचें चित्र काढलें आहे, तें ह्याच युक्तीनें! कमोडचें झांकण मात्र कोणीं तरी धरावें. तें कोसळून मुलास दुखापत होते.

रागावण्याचा परिणाम फरशीपेक्षां वाईट. भ्यालेलें मूल लघवी व शौच दाबून धरतें. मळ सांचतो, त्याचा भार मूत्राशयावर पडतो आणि चड्डी अधिकच ओली होते. शिकलेला मुलगा अकस्मात् पुन्हा भिजवूं लागला, वेदना सांगूं लागला किंवा सारखें पाणी मागूं लागला, तर मात्र डॉक्टरांस दाखवावें.

राहिला वास. लघवींतील युरियापासून सूक्ष्म जंतू अमोनिया तयार करतात. ती सुकण्यापूर्वींच दोन तांबे पाणी ओतलें तर दर्प निम्मा नाहींसा होतो. कोंकणच्या पावसाळ्यांत फरशी सुकत नाहीं, म्हणून ती फडक्यानें पुसावी. पाणी ओतण्याचें काम मुलावरच सोंपवावें, शिक्षा म्हणून नव्हे, तर त्याला तें आवडतें म्हणून. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर मात्र एकत्र कधींहि टाकूं नये. त्यांतून क्लोरीनचा विषारी वायु निघतो, आणि दार बंद असलेल्या लहान मोरींत तो मुलाच्या छातीस बाधतो.