समुद्रकिनारीचा धडा
रस्त्यावरील धर्मोपदेश, निर्बंध आणि हिंदू समाजाचे उत्तर



आठवडे बाजाराचा दिवस. बसस्थानकासमोरच्या चौकात चार-पाच तरुण-तरुणी उभ्या आहेत. एकाच्या हातात गिटार आहे, एकाच्या हातात पत्रके. लहानसा ध्वनिवर्धक लावून येशूची महती सांगणे चालू आहे. भाजीची पिशवी सावरत कुणी क्षणभर थांबतो, कुणी पत्रक घेऊन पुढच्या वळणावर टाकून देतो. इतक्यात गावातले काही कार्यकर्ते तेथे पोहोचतात. एकजण म्हणतो, ‘पोलिसांना बोलवा.’ दुसरा म्हणतो, ‘पोलीस कशाला? आपणच पाहून घेऊ.’ तिसरा वडीलधारा कार्यकर्ता विचारतो, ‘हे नेमके काय सांगत आहेत, ते कुणी ऐकले का? आणि त्याला उत्तर द्यायचे झाले, तर ते कोण देणार?’

महाराष्ट्रातील अनेक गावांना हा प्रसंग परका नाही. आजच्या विवेचनाचा विषय तिसऱ्या कार्यकर्त्याचा प्रश्न हा आहे, कारण पहिल्या दोघांच्या उत्तरांपेक्षा या प्रश्नाला महाराष्ट्रात जुनी आणि तेजस्वी परंपरा आहे.

बंदी कोणी घातली?

हिंदुस्थानात ख्रिस्ती धर्मप्रचारावर मोठे निर्बंध घातले ते ईस्ट इंडिया कंपनीने, म्हणजे ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीच, हे अनेकांना ठाऊक नसते. व्यापाराला धक्का बसू नये आणि प्रजेत असंतोष माजू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. म्हणूनच विल्यम कॅरी यांना १८०० साली कंपनीच्या मुलखाबाहेर, डॅनिश अमलाखालील श्रीरामपूर येथे ठाण मांडावे लागले. १८१३ च्या प्रारंभी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा त्यांनाही परत जाण्याचा हुकूम झाला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने सनदी कायदा संमत करून मिशनऱ्यांना दार उघडून दिले. ज्या सत्तेने दार बंद केले होते, त्याच सत्तेने आपल्या सोयीने ते उघडले. सत्तेच्या हुकमावर विसंबून धर्माचे रक्षण होत नाही, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

यानंतर मुंबई इलाख्यात शाळा निघाल्या, छापखाने आले, पत्रके वाटली जाऊ लागली आणि चव्हाट्यावर उपदेश सुरू झाला. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. हिंदूंच्या देवदेवतांवर व पुराणकथांवर कठोर टीका होऊ लागली. तिच्यातील उपहास हिंदू मनाला जिव्हारी लागणारा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तेव्हा मोरभट दांडेकर यांच्यासारखे शास्त्री पुढे आले, त्यांनी जाहीर वाद केला आणि ग्रंथ लिहून उत्तर दिले. याच परंपरेतील सर्वात तेजस्वी नाव विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे आहे.

वाळूवर उभा राहिलेला ब्रह्मचारी

विष्णू भिकाजी गोखले यांचा जन्म १८२५ सालचा, कुलाबा जिल्ह्यातील शिरवलीचा. इंग्रजी शिक्षण नाही, कुळाचे वा धनाचे पाठबळ नाही. काही काळ त्यांनी सरकारी जकात खात्यात चाकरी केली. पुढे ती सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तपाचरण केले आणि त्यानंतर गावोगाव व्याख्याने देत हा ब्रह्मचारी १८५६ मध्ये मुंबईत आला. मिशनरी जेथे लोक जमतात तेथे उभे राहतात, तर आपणही तेथेच उभे राहावे, असा सरळ विचार त्यांनी केला.

१८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर, बॅक बेच्या वाळूवर, हा वाद चालला. एका बाजूला विष्णुबुवा, दुसऱ्या बाजूला मिशनरी आणि भोवती श्रोत्यांची दाटी. समोरच्यांमध्ये जॉर्ज बोवेन हे अमेरिकन गृहस्थ होते. मिशनचे वेतन नाकारून मुंबईच्या देशी वस्तीत अत्यंत साधेपणाने राहणारा हा मनुष्य होता. अशा प्रतिपक्षाला ‘पोटासाठी आलेला’ म्हणून झटकून टाकणे शक्य नव्हते. त्याच्या मुद्द्यांना मुद्द्यांनीच भिडावे लागले, आणि विष्णुबुवा भिडले. या वादाचा इंग्रजी वृत्तांत बोवेन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. मराठीतील ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हा ग्रंथ बुवांच्या निधनानंतर १८७२ मध्ये निघाला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. राज्य इंग्रजांचे होते आणि राज्यकर्त्यांचा धर्म मिशनऱ्यांचा होता. त्याच मे महिन्यात मेरठला उठावाचा वणवा पेटला. अशा काळात एका निःशस्त्र ब्रह्मचाऱ्याने वाळूवर उभे राहून स्वधर्माची बाजू मांडली. त्याने प्रतिपक्षाचे तोंड बंद करण्याची मागणी केली नाही; आपले तोंड उघडले.

विष्णुबुवा तेवढ्यावर थांबले नाहीत, हे अधिक महत्त्वाचे. १८५९ मध्ये त्यांनी ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ लिहिला. १८६७ च्या ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंधा’त तर समाजातील सर्वांना अन्नवस्त्र समान मिळावे, असा काळाच्या पुढचा विचार मांडला. मिशनऱ्याला उत्तर देता देता या पुरुषाने स्वतःच्या समाजालाही प्रश्न विचारले. परधर्मीयाची टीका खोडून काढणे हे अर्धे काम आहे. त्या टीकेतील खरा अंश दूर करणे हे उरलेले अर्धे काम होय.

मुक्तिफौज आणि मुंबईचे पोलीस

पंचवीस वर्षांनी मुंबईने आणखी एक प्रसंग पाहिला. सप्टेंबर १८८२ मध्ये ‘साल्व्हेशन आर्मी’ची, म्हणजे मुक्तिफौजेची, पहिली तुकडी बंदरावर उतरली. तिचा प्रमुख फ्रेडरिक टकर हा सनदी नोकरी सोडून आलेला अधिकारी होता. त्याने देशी पोशाख चढवला आणि फकीरसिंग हे नाव घेतले. वाद्ये वाजवीत रस्त्यावरून मिरवणुका निघू लागताच दंग्याच्या भीतीने पोलिसांनी त्या रोखल्या, अटका झाल्या आणि टकर यांना तुरुंगवास घडला. या कारवाईविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन हे प्रमुख होते. ख्रिस्ती सरकारने ख्रिस्ती प्रचारकांना पकडावे आणि त्यांच्या बाजूने एका हिंदी धर्मसुधारकाने उभे राहावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. परिणाम काय झाला? बंदीमुळे मुक्तिफौज थांबली नाही. उलट कालपर्यंत जिचे नावही कोणास ठाऊक नव्हते, ती घरोघर चर्चेचा विषय झाली.

त्याच वर्षी इंग्लंडमधील वेस्टन-सुपर-मेअर या गावी याच मुक्तिफौजेच्या मिरवणुकांवर विरोधकांची टोळी चालून येत असे. दंडाधिकाऱ्यांनी मिरवणूकवाल्यांनाच दोषी धरले. वरच्या न्यायालयाने मात्र सांगितले, की दुसरा बेकायदा दंगा करील या कारणास्तव पहिल्याचे कायदेशीर कृत्य बेकायदा ठरत नाही. गणेशोत्सवाच्या वा शिवजयंतीच्या मिरवणुकीला ‘कोणी आक्षेप घेईल’ म्हणून परवानगी नाकारली जाते, तेव्हा हिंदू कार्यकर्ता नेमका हाच युक्तिवाद करतो. तो युक्तिवाद खरा असेल, तर तो दोन्हीकडे खरा असला पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

स्वतंत्र भारतात हा प्रश्न घटना समितीत आला. ६ डिसेंबर १९४८ रोजी लोकनाथ मिश्र यांनी ‘प्रचार’ या शब्दाला तीव्र हरकत घेतली. तथापि चर्चेअंती तो शब्द कायम राहिला आणि आजही अनुच्छेद २५ मध्ये आहे. मात्र त्याच अनुच्छेदाने हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत ठेवले आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत स्पष्ट केले, की आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार नव्हे. ओरिसाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा त्या निर्णयाने वैध ठरला. बळजबरी, फसवणूक आणि आमिष यांना या देशात मोकळीक नाही.

मग चौकातल्या उपदेशाचे काय? या बाबतीत १९७२ चा हिंमतलाल शहा खटला प्रत्येक कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावा असा आहे. मुंबई पोलीस अधिनियमाखाली अहमदाबादच्या आयुक्तांनी केलेला एक नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. रस्त्यावरील सभांचे नियमन करता येते, परंतु कोणतेही निकष न ठेवता मर्जीनुसार परवानगी देणे-नाकारणे चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. अमेरिकेतही १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बाप्टिस्ट उपदेशकाच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्वीकारले. त्या उपदेशकाची भाषा इतर पंथीयांना दुखावणारी होती, तरीही निकषांवाचून चालणारी परवाना-पद्धती न्यायालयाने मान्य केली नाही.

ध्वनिवर्धकाची गोष्ट मात्र वेगळी. ऑगस्ट २००० मध्ये चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताच धर्म सांगत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील मर्यादा २००५ च्या निर्णयाने अधिक ठाम झाली. तक्रार करणाऱ्याने हेही ध्यानी ठेवावे, की हा नियम चर्चला, मशिदीला आणि आपल्या मांडवालाही सारखाच लागू आहे.

स्थळाचे पावित्र्य हाही न्याय्य निकष आहे. आंध्र सरकारने २००७ मध्ये वटहुकूम काढून अधिसूचित उपासनास्थळांच्या परिसरात अन्य धर्माचा प्रचार करण्यास मनाई केली. तिरुमलाच्या सप्तगिरीवर भाविक व्यंकटेशाच्या दर्शनाला जातो. तेथे त्याच्या हाती दुसऱ्या धर्माचे पत्रक देणे हा सभ्यतेचा भंग आहे. हाच न्याय वेलंकण्णीच्या यात्रेकरूलाही मिळाला पाहिजे. आणि कोणी देवदेवतांची हेतुपुरस्सर, द्वेषबुद्धीने विटंबना करीत असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ आहे. त्यासाठी कोणी हात उगारण्याची आवश्यकता नाही.

आपणही कोठेतरी उपदेशक आहोत

या प्रश्नाची दुसरी बाजू सहसा विचारात घेतली जात नाही. जगाच्या पाठीवर अनेक देशांत चौकात उभा असलेला उपदेशक हिंदू असतो. मृदंग-करताल घेऊन हरिनाम गाणारे इस्कॉनचे भक्त न्यूयॉर्कपासून मॉस्कोपर्यंत दिसतात. १९८१ मध्ये मिनेसोटाच्या जत्रेत फिरून ग्रंथ वाटण्यास त्यांना मनाई झाली आणि ठरवून दिलेल्या जागेपुरतेच राहावे लागले. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळांवर देणग्या मागण्यास बंदी कायम झाली, पण ग्रंथवाटपाचा हक्क टिकला. पहिल्या निर्णयात जागेचे नियमन आहे, दुसऱ्यात वाणीचे रक्षण आहे. २०११ मध्ये सायबेरियातील तोम्स्क येथे ‘भगवद्गीता जशी आहे तशी’ या ग्रंथाच्या रशियन अनुवादावर बंदीची मागणी झाली, तेव्हा भारतीय संसदेत संताप उसळला आणि अखेर न्यायालयाने ती मागणी फेटाळली. रशियाने २०१६ मध्ये मिशनरी कार्यावर कडक निर्बंध आणले.

तोम्स्कमध्ये जे अन्याय्य वाटले, ते तासगावात न्याय्य कसे ठरेल? ज्या मापाने मोजावे, त्याच मापाने मोजून घ्यावे लागते.

खरे धर्मांतर चौकात होत नाही

इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. ध्वनिवर्धकापुढे उभे राहून धर्म बदलणारे विरळा. नारायण वामन टिळकांसारखा प्रतिभावंत कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, त्याचा आरंभ आगगाडीच्या डब्यातील एका संभाषणातून आणि भेट मिळालेल्या एका पुस्तकातून झाला होता. पुढे ख्रिस्ती संदेश मराठी मनापर्यंत पोहोचवण्यासाठी याच टिळकांनी कीर्तनाचा आधार घेतला. नगर जिल्ह्यात गावेच्या गावे मिशनकडे वळली, त्यामागे दुष्काळ होता, उपासमार होती आणि गावाबाहेर ठेवलेल्या वस्त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे दुःख होते. ज्याला मंदिराच्या पायरीवर उभे राहता येत नव्हते, त्याला कोणीतरी ‘आत ये’ म्हटले. हा दोष त्या बोलावणाऱ्याच्या माथी मारून हिंदू समाज मोकळा होऊ शकत नाही.

म्हणून बाजाराच्या चौकातील त्या तिसऱ्या कार्यकर्त्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो. ध्वनिवर्धकाचा परवाना नसेल, रहदारी अडत असेल, आमिष दाखवले जात असेल, तर लेखी तक्रार जरूर द्यावी. परंतु धक्काबुक्की, पुस्तके फाडणे, स्त्रियांना घेराव घालणे या गोष्टी हिंदू संस्कारात बसत नाहीत आणि कायद्यातही बसत नाहीत. तक्रारीनंतरचे काम अधिक अवघड आहे. त्याच बाजारात आपले कीर्तन असावे, त्याच वस्तीत आपली अभ्यासिका आणि आपला दवाखाना असावा. पत्रक घेऊन आलेल्या मुलाने घरी प्रश्न विचारला, तर उत्तर देऊ शकेल असा बाप, अशी आई घरात असावी.

गाडगे महाराजांनी हा मार्ग आचरून दाखवला. गावात आल्यावर हातात खराटा घेऊन ते आधी रस्ता झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. देवापुढे बकरे कापू नका, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, असे खडे बोल ते स्वकीयांनाच सुनावीत. त्यांच्या श्रोत्यांना दुसऱ्या कोणाच्या भाषणाची भीती वाटली नाही.

रस्ता सर्वांचा आहे. त्यावर कोणी उभे राहायचे याचे नियम सरकार करील आणि ते सर्वांना सारखे असावेत. त्या रस्त्याच्या कडेच्या झोपडीत प्रथम कोण पोहोचले, हे मात्र सरकार ठरवीत नाही. ते हिंदू समाजाने स्वतः ठरवायचे आहे.