पगार, घर आणि शिल्लक : तीन गाठी वेगवेगळ्या सोडवूया

(ग्वाल्हेरच्या गोरखी भागात राहणाऱ्या एका नोकरदार आईने सीमाभागातल्या तरुणांशी साधलेल्या ऑनलाइन संवादाचे शब्दांकन.)

बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, भालकी, कारवार... जिथून जिथून ऐकताय, त्या सगळ्यांना गोरखीहून नमस्कार.

आपल्यात अंतर खूप आहे, पण गाडी एकच आहे. तुमच्या बेळगाववरून जाणारी गोवा एक्स्प्रेस पुणं करून आमच्या ग्वाल्हेरला येते. दोन टोकांना आपण, आणि मध्ये पुणं. आजचा विषयही तोच आहे. पदरात लहान मूल आहे, गावात कमी पगाराची नोकरी आहे, पुण्याहून बोलावणं आलंय. जायचं का? गेलो तर घर घ्यायचं का? आणि हे सगळं परवडणार का?

मी अर्थतज्ज्ञ नाही. एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. नवरा शिकवतो. मुलगी चार वर्षांची. सासूसासऱ्यांसोबत जुन्या घरात राहतो. हा प्रश्न गेले काही महिने आमच्याच घरात चालू होता, म्हणून बोलायचं धाडस करते. एकच मुद्दा मांडणार आहे : नोकरी, घर आणि पैसा हे तीन निर्णय आपण एकाच खुंटीला टांगतो. खुंटी निघाली की तिन्ही खाली येतात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, माझ्या मोहल्ल्याने शिकवलं. म्हणून आधी गोरखीबद्दल सांगते.

ग्वाल्हेरच्या ज्या भागात आम्ही राहतो त्याचं नाव लष्कर. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे फौजेचा तळ टाकला, राजधानी उज्जैनहून इकडे आली आणि तळाचंच शहर झालं. महाराज बाड्याजवळची गोरखी म्हणजे शिंद्यांचा जुना राजवाडा. जयविलास महाल नंतरचा, 1874 चा. गोरखीत शिंद्यांचं देवघर आहे, आणि गोरखीच्याच शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. त्यांचे वडील शिक्षक होते, कुटुंब मूळचं यमुनाकाठच्या बटेश्वरचं. म्हणजे आम्हा मराठी लोकांसारखेच तेही पोटापाण्यासाठी आलेल्यांची लेकरं. आजही इथे फालका बाजार आहे, पाटणकर बाजार आहे. आडनावं वाचली की कोण कुठून आलं ते कळतं.

आपले लोक इथे आले ते नोकरीवर. फौज, दप्तर, देवस्थान, शाळा, सगळ्याचा मालक एक : दरबार. पगार दरबारचा, पुष्कळांचं घरही दरबारच्या मेहेरबानीचं. घडी बसली होती तोवर कुणाला त्यात धोका दिसला नाही.

मग 1948 मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. राजधानी निम्मी राहिली, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. आणि 1 नोव्हेंबर 1956. ही तारीख तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही ती दरवर्षी काळा दिवस म्हणून पाळता. त्याच दिवशी मध्य भारत नकाशावरून गेला, नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. आमच्याकडे सीमेचा प्रश्न नव्हता, पण सचिवालय गेलं आणि त्याच्यामागे नोकऱ्या गेल्या. महालेखापालांचं कार्यालय तेवढं ग्वाल्हेरला राहिलं. त्यातल्या नोकरदारांना गाव सोडावं लागलं नाही. बाकीच्यांपुढे प्रश्न : पोराबाळांसकट भोपाळ, की इथेच दुसरं काहीतरी? पुढे जियाजीराव कॉटन मिलही बंद पडली. ज्या शहरात तीन पिढ्यांनी "नोकरी म्हणजे कायमची" असं धरलं होतं, तिथे मालक बदलत गेले.

आता एका माणसाची गोष्ट सांगते, कारण आकड्यांआधी माणूस समजावा लागतो.

गजानन माधव मुक्तिबोध. हिंदीतले फार मोठे कवी, पण घरची भाषा मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहायचे, त्यांना साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. पूर्वज खानदेशातल्या जळगावचे. गजाननरावांचा जन्म 13 नोव्हेंबर 1917 चा, ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. वडील संस्थानच्या पोलीस खात्यात होते. म्हणजे आपल्याच या मुलखातलं घर.

1939 मध्ये त्यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध शांताबाईंशी लग्न केलं. तिथून पुढे नोकऱ्यांची यादी बघा : बडनगर, शुजालपूर, उज्जैन इथे मास्तरकी. 1945 च्या सुमारास बनारसला 'हंस' मासिकात. मग जबलपूरला शाळा. 1948 मध्ये नागपूर, सरकारी माहिती खातं, नंतर आकाशवाणी. 1956 मध्ये ती नोकरी सोडून 'नया खून' साप्ताहिक. आणि 1958 मध्ये राजनांदगावचं दिग्विजय महाविद्यालय, तिथे प्राध्यापकी. एकोणीस वर्षांत इतकी गावं, दर वेळी बायको, मुलं आणि भाड्याची खोली.

शेवटचा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. नागपूर मोठं शहर, वर्तुळ मोठं, मित्र तिथले. राजनांदगाव लहान गाव. पण तिथे ठरलेला पगार होता, आणि राहायला कॉलेजच्याच जुन्या वाड्यात तळ्याकाठी जागा होती. भाड्याची कटकट मिटली, थोडं स्थैर्य आलं आणि त्या सहा वर्षांत त्यांनी आपल्या मोठ्या कविता पुऱ्या केल्या. लहान गावात गेले म्हणजे मागे पडले, असं झालं नाही.

पण गोष्टीची दुसरी बाजूही आहे. कर्जाने त्यांची पाठ सोडली नाही. 1964 च्या सुरुवातीला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा उपचारांसाठी साहित्यिक मित्रांना धावपळ करावी लागली. मध्य प्रदेश सरकारने भोपाळला उपचार केले, मग पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपर्यंत शब्द गेला आणि त्यांना दिल्लीला एम्समध्ये नेलं. 11 सप्टेंबर 1964 ला ते गेले. वय 46. पहिला कवितासंग्रह ते गेल्यावर निघाला.

पगार होता, घर होतं, पण घर नोकरीसोबतचं आणि आजारपणासाठी बाजूला काही नाही. हा दोष त्यांचा नव्हे. मास्तरांच्या पगारात बाजूला पडणार तरी काय? पण मुक्तिबोधांसाठी पंतप्रधानांपर्यंत जाणारे मित्र होते. तुमच्या-माझ्यासाठी कोण जाणार? आपल्याला पॉलिसीच काढावी लागेल.

आता आमचा हिशेब. आकडे उघड सांगते, लाजण्यासारखं काही नाही.

ग्वाल्हेरमध्ये माझ्या हातात महिन्याला 40,000 येतात, नवऱ्याच्या 28,000. मिळून 68,000. भाडं नाही. घरखर्चाला 30,000, मुलीच्या शाळेचे 4,000, पेट्रोल-मोबाइल-किरकोळ 6,000. शिल्लक 28,000.

पुण्याच्या कंपनीने देऊ केले हातात 68,000. मी एकटी, तेवढेच! ऐकून सगळे म्हणाले, "अगं, विचार काय करतेस?" मी कागद घेऊन बसले. दोन खोल्यांचं भाडं 22,000. शाळा आणि पाळणाघर 14,000, कारण तिथे सासूबाई नाहीत. वाणसामान, वीज, जाणं-येणं 24,000. गावी जाणं आणि सासूसासऱ्यांना पाठवायचे 6,000. झाले 66,000. शिल्लक 2,000. नवऱ्याला तिथे आजच्याइतकाच पगार मिळाला, तर शिल्लक 30,000.

म्हणजे माझा पगार 28,000 ने वाढला आणि घरची शिल्लक वाढली 2,000 ने. तीही नवऱ्याला लगेच नोकरी लागली तर. नाहीतर ती 26,000 ने घटते.

तेव्हा पहिली गोष्ट : पगाराची पगाराशी तुलना करू नका, शिल्लकीची शिल्लकीशी करा. आणि "पॅकेज" नावाच्या आकड्याला भुलू नका. त्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा, कधी ग्रॅच्युइटी, कधी "मिळाला तर मिळाला" असा बोनसही धरलेला असतो. हातात किती, एवढंच विचारा.

दुसरी गोष्ट घराची. नातेवाईक म्हणाले, "भाडं भरण्यापेक्षा हप्ता भर, घर तरी आपलं होईल." बरं, करून बघू. फ्लॅट 45 लाखांचा. 15 लाख आपले, 30 लाख कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो 26,035. वीस वर्षांत भरणार साधारण साडेबासष्ट लाख. पहिल्या हप्त्यातले 21,250 व्याजाचेच, मुद्दल फिटतं 4,785. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे तीनेक लाख, आणि सोसायटीचा महिन्याचा खर्च, धरा 3,000.

नवऱ्याला नोकरी नसेल तर या हिशेबात दर महिन्याला पाच हजारांचा खड्डा पडतो. आणि 15 लाख द्यायचे म्हणजे आमची सगळी पुंजी आणि सासऱ्यांच्या निवृत्तीच्या पैशातला मोठा तुकडा. उद्या कंपनीने मला काढलं तर? नोकरी गेली, हप्ता थकला, पुंजी संपलेली. झाली की नाही एकच खुंटी? दरबार गेला, बिल्डर आणि बँक आली, एवढाच फरक.

घर घेऊच नका असं मी म्हणत नाही. घर हवंच. पण नव्या शहरातल्या नव्या नोकरीच्या पहिल्या वर्षी नको. दोन वर्षं भाड्याने राहा, नोकरी टिकते का, मूल रुळतं का, रस्ते अंगवळणी पडतात का ते बघा. भाडं वाया जातं असं म्हणतात. माझ्या मते ते चूक दुरुस्त करण्याची मुभा मिळावी म्हणून दिलेले पैसे आहेत.

तिसरी गोष्ट पैशाची. आम्ही ठरवलं : निघण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. कुटुंबाचा आरोग्य विमा स्वतःचा, कंपनीचा असला तरीही, कारण कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. आणि कमावणाऱ्या दोघांचा साधा मुदतीचा विमा. नोकरी बदलताना भविष्य निर्वाह निधी काढून खायचा नाही, नव्या खात्यात वळवायचा.

आणखी एक. विचारायला शिका. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, अशी तरतूद 2017 पासून कायद्यात आहे. मी मुलाखतीत विचारलं. समोरचे जरा गडबडले, पण विचारलं म्हणून बोलणं सुरू झालं. शेवटी पहिले चार महिने घरून काम आणि महिन्यातला एक आठवडा पुण्यात, यावर ते तयार झाले.

आणि तुमच्याकडे एक दार आहे जे आमच्याकडे नाही. 865 गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांना महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. गोरखीच्या मराठी मुलाला ही वाट नाही. तुमचं गाव त्या यादीत असेल तर दाखला काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ नको.

भाषेचंही सांगते, कारण तुम्ही विचारणार. "पुण्याला गेलं की मुलीचं मराठी तरी पक्कं होईल," असं मलाही वाटलं होतं. पण आज तिचं मराठी आजीच्या तोंडून येतं. पुण्यात ती दिवसभर पाळणाघरात असेल आणि आम्ही दमून घरी येऊ. शाळेत मराठी विषय असेल, पण बोलणार कोण? या रकान्यात पैशाचा आकडा बसत नाही. तरी तो कोरा सोडू नका. आजी-आजोबा किती किलोमीटरवर, हे आम्ही त्यात लिहिलं.

तर आमचं काय ठरलं? नोकरीला हो म्हटलं. फ्लॅटला नाही. या चार महिन्यांत नवरा पुण्यात नोकरी बघतोय. हातात 28,000 ची नोकरी मिळाली तर तिघं भाड्याच्या घरात जाणार. नाही मिळाली तर बिऱ्हाड हलणार नाही, मी ही नोकरी सोडून इथेच दुसरी शोधेन. ही रेषा आम्ही दोघांनी कागदावर लिहून सह्या केल्यात. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "तुमच्या लग्नातसुद्धा एवढा कागद झाला नव्हता." पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच तो देवघराच्या फडताळात नीट ठेवला.

तुमचे आकडे वेगळे असतील. कुणी उद्यमबागेतल्या कारखान्यात असेल, कुणी कोल्हापूरला ये-जा करत असेल, कुणाची शेती असेल. उत्तरही वेगळं येईल. राहणं हे भित्रेपण नाही आणि जाणं ही गद्दारी नाही. फक्त आज रात्री मूल झोपल्यावर दोघांनी मिळून एक कागद घ्या आणि तीन रकाने पाडा : नोकरी, घर, शिल्लक. प्रत्येकाखाली एकच प्रश्न लिहा : हे उद्या गेलं, तर बाकीचे दोन उभे राहतील का?

प्रश्न असतील तर विचारा, मी थांबलेय. जय महाराष्ट्र.