आग्रहाचा घास



2017 साली इजिप्तची इमान अहमद वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, तेव्हा बहीण शायमा सोबत होती. आपल्या बीडकडचा रुग्ण असता, तर निम्मे घर लोटले असते. डबा तर आधीच पोचला असता! तिच्यावर झाली त्या शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढतात. उरते अरुंद नळी. आरंभी केवळ पातळ पदार्थ, पुढे मोजके घास.

माझ्या धाकट्या भावाचीही हीच शस्त्रक्रिया झाली. आईने मायेने भाकरीचा एक घास जास्त भरविला. रात्रभर त्याला उलट्या झाल्या. आई रडली. दुसऱ्या दिवसापासून ती वरण वाटीने मोजू लागली, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची वेळ सांभाळू लागली. ‘आणखी घे’ हे शब्द मात्र तिच्या ओठांवर येऊन थांबत.